‘मीडिया ऑफलाइन’ पुन्हा पुन्हा येतंय? फुटेजचा पत्ता तपासा

रात्री नीट चाललेला प्रोजेक्ट सकाळी उघडावा आणि अख्खी टाइमलाइन (कट लावलेल्या क्लिप्सची पट्टी) लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे फाइल सापडत नाही, अशी पाटी दिसावी, हे लग्नाचं एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं आहे. मग आपण फाइल्स शोधतो, रीलिंक करतो म्हणजे सॉफ्टवेअरला त्यांची नवी जागा दाखवतो, काम उरकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. इंदूरला रामबागेत माझी एडिटिंगची खोली आहे. लग्नं, मुंजी, मंडळांचे कार्यक्रम, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) असं काम वर्षभर चालू असतं. नवी मुलं हार्ड डिस्क काखोटीला मारून येतात आणि म्हणतात, “दादा, जरा बघा ना, परत ऑफलाइन झालं.” त्यातलं ‘परत’ महत्त्वाचं आहे. एकदा झालं तर तो अपघात म्हणता येईल. तेच चौथ्यांदा होत असेल, तर कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर आल्यापासूनच काहीतरी चुकतंय.

मुळात एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर असो वा रिझॉल्व्ह, प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच. असतो तो फक्त पत्ता: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नावाची फाइल, तिच्यातला इथपासून इथपर्यंतचा तुकडा. म्हणून चारशे जीबीच्या लग्नाचा प्रोजेक्ट काही एमबीत मावतो. त्या पत्त्यातला एक जरी शब्द बदलला तरी सॉफ्टवेअर बंद दारासमोर उभं राहतं आणि लाल पाटी दाखवतं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून, कॅश (सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) पुसून किंवा कॉम्प्युटर फॉरमॅट करून हे जात नाही. पत्ता दुरुस्त करावा लागतो, आणि पुढच्या वेळी तो बदलणारच नाही अशी सोय करावी लागते.

आधी लाल रंग कुठे कुठे आहे ते पाहा

घाईने रीलिंकचं बटण दाबू नका. दोन मिनिटं थांबून पाहा की नक्की काय काय लाल झालंय.

सगळंच लाल असेल तर ड्राइव्हचं अक्षर किंवा नाव बदललंय. एकाच कॅमेऱ्याच्या किंवा एकाच कार्डाच्या क्लिप्स लाल असतील तर कोणीतरी फोल्डर हलवलंय किंवा त्याचं नाव बदललंय. फक्त गाणं, मंडळाचा लोगो आणि पत्रिकेचा फोटो लाल असेल तर ते थेट डाउनलोड्समधून किंवा कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून टाइमलाइनवर ओढलेलं होतं. एखाद-दुसरीच क्लिप लाल असेल तर त्या फाइलकडेच संशयाने बघा.

प्रीमियरची ‘लिंक मीडिया’ची खिडकी उघडली की प्रत्येक क्लिपचा जुना पत्ता दिसतो. रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये लिस्ट व्ह्यू लावून फाइल पाथचा रकाना पाहा. तो जुना पत्ता शब्दन् शब्द वाचा आणि आजच्या डिस्कशी पडताळा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक डिस्कांचं निदान या वाचनातच झालं.

फाइल जागेवर आहे, नावही तेच आहे, तरी लाल? मग दोन शक्यता. एक म्हणजे सॉफ्टवेअरला तो कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) वाचता येत नाही, नव्या कॅमेऱ्यांच्या दहा-बिट फाइल्सबाबत असं होतं. दुसरी म्हणजे फाइल अर्धवट कॉपी झाली आहे. कॅमेरा एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबल्यावर, फाइलच्या शेवटी लिहितो. कॉपी होताना शेवटचा भाग राहून गेला तर आधीचा नव्वद टक्के व्हिडिओ डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. कार्डावरच्या मूळ फाइलचा आकार आणि डिस्कवरचा आकार ताडून पाहा. कार्ड अजून फॉरमॅट झालेलं नसेल तर मिटलं. झालं असेल तर त्या कार्डावर काहीही नवीन शूट न करता ते बाजूला काढा, कारण रिकव्हरीची शक्यता तेवढ्यावरच टिकून असते.

ड्राइव्हचं अक्षर

हे सगळ्यात जास्त सापडणारं आणि सगळ्यात सोपं. विंडोज बाहेरच्या डिस्कला त्या क्षणी मोकळं असलेलं अक्षर देतं. काल डिस्क ‘ई’ होती. आज आधी पाहुण्यांचा पेनड्राइव्ह लागलेला होता म्हणून ती ‘एफ’ झाली, आणि प्रोजेक्ट अजून ‘ई’चं दार ठोठावतोय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कवर राइट क्लिक करा, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ घ्या आणि वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. माझ्या कामाच्या डिस्का ‘आर’पासून पुढे असतात, तिथपर्यंत पेनड्राइव्ह सहसा पोचत नाहीत. तेच अक्षर डिस्कच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलंय. ही नेमणूक त्या कॉम्प्युटरपुरतीच असते. दुसऱ्या मशीनवर काम करायचं तर तिथेही हेच एकदा करावं लागतं.

मॅकवर अक्षराऐवजी डिस्कचं नाव चालतं. नव्या डिस्का कंपनीने दिलेल्या एकाच नावाने येतात. तशा दोन एकदम लावल्या की दुसरीच्या पत्त्याला आपोआप ‘१’ चिकटतो आणि पुन्हा लाल. डिस्क विकत घेतली की पहिलं काम तिला वेगळं नाव देणं.

एकाच नावाच्या दोन क्लिप्स: हा दोष लाल दिसत नाही

यावर जरा जास्त लिहितो, कारण यातच माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं.

एका ओळखीच्या घरचं लग्न होतं. दोन सोनी कॅमेरे: ए स्टेजवर, बी हॉलमध्ये फिरता. दोन्ही कार्डं आदल्या दिवशी फॉरमॅट केलेली, त्यामुळे दोन्हींत पहिली क्लिप ‘सी०००१’, दुसरी ‘सी०००२’ आणि तशीच पुढे. एडिट पूर्ण झालं. मधे डिस्कचं अक्षर बदललं, सगळं लाल झालं. मी रीलिंक करताना एका कॅमेऱ्याचा फोल्डर दाखवला आणि बाकीच्या फाइल्स आपोआप शोधू दिल्या. सॉफ्टवेअरने नावं जुळवली, लाल गेलं, मी एक्स्पोर्ट लावून घरी गेलो.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. “अरे, अंतरपाट दूर होताना तिचा चेहरा होता ना? तू मला दाखवला होतास. आता तिथे पंगत दिसतेय.” मी फाइल लावली. भटजींचा ‘सावधान’, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि नवरीच्या चेहऱ्याच्या जागी जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून जाणारा वाढपी. दोन कॅमेऱ्यांच्या एकाच क्रमांकाच्या क्लिप्सची अदलाबदल झाली होती. जागा घेणारी क्लिप पुरेशी लांब होती, त्यामुळे टाइमलाइनवर कुठे भोकही पडलं नाही. मूळ फुटेज शाबूत होतं म्हणून दुरुस्ती झाली, पण तोवर काकूंनी ती फाइल पुण्याच्या आणि ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पाठवून झाली होती. घरच्यांसाठी तो क्षण पहिल्यांदा बघण्याची एकच वेळ असते, आणि ती माझ्यामुळे गेली.

तेव्हापासून एक नियम: कोणत्याही दोन क्लिप्सचं नाव सारखं नसलं पाहिजे. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत फाइल सेटिंगमध्ये नावाला स्वतःचं टायटल जोडता येतं आणि क्रमांक फॉरमॅटनंतरही पुढे चालू ठेवता येतो, तिथे ‘सिरीज’ निवडायचं. एका कॅमेऱ्याला ए, दुसऱ्याला बी एवढं केलं की प्रश्न मुळातच मिटतो. जुन्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते. तिथे कॉपी झाल्याबरोबर, प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी, सगळ्या फाइल्सना पुढे कॅमेरा आणि कार्डाचं चिन्ह लावायचं: ‘बी२_सी००२३’. मूळ क्रमांक तसाच ठेवायचा, म्हणजे कार्डाशी ताडता येतं. नाव बदलायचं ते एकदाच आणि इम्पोर्टच्या आधीच. इम्पोर्टनंतर नाव बदलणं म्हणजे स्वतःच्या हाताने पत्ता पुसणं.

आधीच गोंधळ झालेला असेल तर रीलिंक करताना एकेक कॅमेरा वेगळा घ्या. प्रीमियरमध्ये नावाबरोबर ‘मीडिया स्टार्ट’ही जुळवायला सांगा, म्हणजे टाइमकोड, प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद, तोही तपासला जाईल. याचा उपयोग दोन्ही कॅमेऱ्यांचा टाइमकोड वेगळा चालत असेल तरच. म्हणून टाइमकोड फ्री रनवर (रेकॉर्डिंग थांबलं तरी चालू राहणारा) ठेवून घड्याळाच्या वेळेला लावलेला बरा. रिझॉल्व्हमध्ये अख्खा फोल्डर हलला असेल तर ‘रीलिंक’पेक्षा ‘चेंज सोर्स फोल्डर’ वापरा. त्यात आतल्या फोल्डरांची रचना धरून पत्ता बदलतो, त्यामुळे अदलाबदल होण्याची भीती कमी.

गोप्रोचं नाव वेगळ्या तऱ्हेने फसवतं. लांब रेकॉर्डिंगचे तो तुकडे करतो, आणि तुकड्याचा क्रमांक क्लिपच्या क्रमांकाच्या आधी येतो: ‘जीएक्स०१००३४’, ‘जीएक्स०२००३४’. म्हणजे चौतीसाव्या क्लिपचा पहिला आणि दुसरा तुकडा. नावाप्रमाणे लावलं की आधी सगळ्या क्लिप्सचे पहिले तुकडे येतात, मग दुसरे. वरात मधेच तुटून दुसरीकडे गेल्यासारखी वाटते. शेवटचे चार आकडे पाहून जुळवा.

कार्ड उघडून आतलेच व्हिडिओ उचलू नका

सोनीच्या कार्डात ‘प्रायव्हेट’, त्यात ‘एम४रूट’, त्यात ‘क्लिप’ असं असतं. मदतीला आलेला मुलगा ‘क्लिप’मधल्या एमपी४ फाइल्स तेवढ्या ओढतो, बाकीचं कचरा समजून सोडतो. साध्या क्लिप्समध्ये निभावून जातं. पण जुन्या हँडीकॅमच्या एव्हीसीएचडी कार्डात एक लांब रेकॉर्डिंग अनेक एमटीएस तुकड्यांत असतं, आणि ते कसे जोडायचे याची माहिती आजूबाजूच्या फाइल्समध्ये असते. नुसते तुकडे उचलले की जोडावर आवाज तुटतो. अजून पुष्कळ घरांतून असे हँडीकॅम मुंजीला बाहेर निघतात, म्हणून सांगतोय. कार्ड जसं आहे तसं, वरच्या फोल्डरपासून पूर्ण उतरवा. एव्हीसीएचडीच्या आतल्या फाइल्सची नावं मात्र अजिबात बदलू नका, वेगळेपणा बाहेरच्या फोल्डरच्या नावातून ठेवा.

अर्धं लग्न एका डिस्कवर, अर्धं दुसऱ्या

वरवर पत्त्याची वाटणारी बरीच भानगड मुळात जागेच्या हिशेबाची असते. डिस्क मध्येच भरते, मग तिसरं कार्ड दुसऱ्या डिस्कवर जातं, चौथं लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर. नंतर जागा मोकळी करताना डेस्कटॉपवरचं फोल्डर ‘व्यवस्थित’ ठेवलं जातं आणि सगळं लाल होतं.

हिशेब आधीच करा. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने शूट केलं तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ४५ जीबी. तीन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले तर ६७५ जीबी. दुसरी प्रत धरून १,३५० जीबी, आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) वेगळ्या. १ टीबीची डिस्क घेऊन दोन दिवसांच्या लग्नाला बसलात तर मध्यरात्री अडचण येणार हे ठरलेलंच. एका कामाचं सगळं फुटेज एकाच डिस्कवर, आणि त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर. यात मी तडजोड करत नाही. डिस्कचा खर्च कोटेशनमध्येच धरतो आणि घरच्यांना तसं सांगतो.

विंडोज आणि मॅक दोन्हींकडे फिरणारी डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची ठेवा. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. जुनी फॅट३२ डिस्क ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि लांबलचक क्लिप नेमकी तिथेच अडकते.

तारखेच्या फोल्डरांचा घोटाळा: अनंत चतुर्दशीची रात्र

तारखेप्रमाणे फोल्डर करा असा सल्ला सगळे देतात. इंदूरच्या झांक्यांनी मला त्यातली अडचण शिकवली. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या झांक्या संध्याकाळी निघतात आणि मिरवणूक रात्रभर चालते. रात्री बाराला कॅमेऱ्यातली तारीख बदलते. ‘तारखेने लाव’ म्हटलं की जेल रोडवरची झांकी एका फोल्डरात आणि तीच झांकी राजवाड्यापाशी आली की दुसऱ्या फोल्डरात. मग जोडीदार तो दुसरा फोल्डर दुसऱ्या दिवसाचा समजून वेगळीकडे ठेवतो. लग्नातही तसंच: सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, वरात उशिरापर्यंत, आणि एका कॅमेऱ्याचं घड्याळ भलत्याच देशाच्या वेळेवर.

मी आता कार्यक्रम ज्या दिवशी सुरू झाला ती एकच तारीख फोल्डरच्या नावात लिहितो आणि आत कॅमेरा-कार्डाप्रमाणे विभागणी करतो. इथे देवनागरीत दाखवतोय, डिस्कवर मात्र रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा (अंडरस्कोअर) एवढंच वापरा. स्पेस, स्वल्पविराम नकोत.

२०२५-१२-०४_लग्न_सुदामानगर
०१_फुटेज (आत ए_कार्ड१, ए_कार्ड२, बी_कार्ड१, ड्रोन, मोबाइल)
०२_आवाज
०३_प्रोजेक्ट
०४_गाणी_फोटो_लोगो
०५_एक्स्पोर्ट

वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला की यादी आपोआप काळानुसार लागते. नावं छोटी ठेवा, कारण विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की काही सॉफ्टवेअर फाइल उघडायला नकार देतात. कॅश या फोल्डरात ठेवू नका. ती पुन्हा तयार होते, तिची प्रत घेण्यात जागा फुकट जाते. चौथ्या फोल्डराबाबत मी हट्टी आहे: कोणतंही गाणं, कोणताही फोटो आधी तिथे कॉपी होतो आणि मगच टाइमलाइनवर येतो. एवढं पाळलं तरी छोटे-मोठे लाल डाग निम्म्याहून कमी होतात.

घड्याळासाठी एक साधी सवय आहे. काम सुरू करण्याआधी सगळे कॅमेरे एका ठिकाणी आणायचे, एका मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडायचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याने ते पाच सेकंद शूट करायचं. पुढे कोणाचं घड्याळ किती मागे आहे ते नेमकं कळतं. कृष्णपुऱ्याच्या गर्दीत ढोल-ताशांमुळे आवाजावरून कॅमेऱ्यांचं सिंक (वेळ जुळवणं) होईना, तेव्हा याच पाच सेकंदांनी मला वाचवलं.

मोबाइलचं फुटेज

मोबाइलची क्लिप दिसते नीट, पण तिचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बऱ्याचदा स्थिर नसतो. दहा मिनिटांच्या भाषणात आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे सरकतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेट करून घ्या, पण हेही इम्पोर्टच्या आधी. आधी मूळ क्लिपवर कट मारून नंतर बदललेली फाइल तिच्या जागी रीलिंक केली की सगळे कट काही फ्रेमने सरकतात. पाहुण्यांना सांगा, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल दाबली जाते आणि तिचं नावही बदलतं.

कार्ड उतरवणं

कट-पेस्ट कधीही नाही, कॉपीच. आणि कॉपी पडताळून. विंडोजवर टेराकॉपी या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिफाय’ची सोय आहे. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं ‘क्लोन टूल’ एकाच वेळी दोन डिस्कांवर उतरवून चेकसमने (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेल्या आकड्याने) ताडतं. वेळ जास्त लागतो, लागू द्या. माझ्या खोलीत कार्डाचा प्रवास ठरलेला आहे: भरलेलं कार्ड डबीत उलटं, दोन प्रती पडताळून झाल्या की त्यावर पिवळी चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी असलेलं कार्डच कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करायचं. मदतीचा मुलगा पहिल्या आठवड्यात विचारायचा, “दादा, फोल्डरचा आकार सारखाच दिसतोय, मग ताडायचं कशाला?” मी त्याला एक क्लिप दाखवली. आकार बरोबर होता, पण मधले तीन सेकंद नुसते हिरवे चौकोन होते. ते जुन्या कार्ड रीडरमुळे झालं होतं. तो रीडर आम्ही त्याच दिवशी काढून टाकला.

प्रोजेक्ट दुसऱ्याकडे देताना

नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवली की समोरच्याकडे सगळं लाल दिसणारच, कारण तिच्यात पत्तेच आहेत. प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ने फाइल्स गोळा करून नव्या जागी कॉपी करा. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट मुळात फोल्डरात नसतो, डेटाबेसमध्ये असतो. तिथे ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ घेतलं तर मीडियासकट बाहेर येतं, साधं एक्स्पोर्ट घेतलं तर मीडिया येत नाही. डेटाबेसचा बॅकअप न घेता कॉम्प्युटर फॉरमॅट केलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे फुटेज सगळं असतं, पण एडिट गेलेलं असतं.

आर्काइव्ह झाल्यावर मी कामाची डिस्क काढून ठेवतो, नुसती आर्काइव्हची डिस्क दुसऱ्या मशीनला लावतो आणि प्रोजेक्ट उघडून टाइमलाइनच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सरकत जातो. लाल नाही एवढ्यावर थांबत नाही. अंतरपाटाच्या जागी अंतरपाटच आहे का, तेही बघतो. हे झाल्यावरच कामाच्या डिस्कवरचं फुटेज पुसतो.